वेस्ट पॉइंटचा फुटबॉल : खेचर, बोकड आणि चौथा डाउन

रानजाई

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल आता नावापुरताच कॉलेजचा उरलाय. पोरं दरवर्षी संघ बदलतात, प्रायोजकांकडून बक्कळ पैसा घेतात आणि प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूला लाजवतो. या बाजारात एक संघ असा आहे की त्याच्या खेळाडूला खेळासाठी वेगळी शिष्यवृत्ती नाही (सगळ्याच कॅडेटांचा खर्च सरकार करतं), सरकारी नोकर असल्यामुळे जाहिरातीचे पैसे घेता येत नाहीत, आणि पदवी मिळाली की किमान पाच वर्षं सैन्यात काढावी लागतात. हा संघ वेस्ट पॉइंटचा. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या वळणावर १८०२ साली स्थापन झालेली अमेरिकी लष्कराची ही अकादमी. फुटबॉलच्या जगात तिला नुसतं 'आर्मी' म्हणतात. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तो लांबट चेंडूवाला.)

सुरुवातीची गोष्ट आधी सांगते. १८९० साली वेस्ट पॉइंटला फुटबॉल जवळपास कोणालाच येत नव्हता. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतले कॅडेट मात्र बरीच वर्षं खेळत होते. डेनिस मिची नावाच्या कॅडेटने नौदलाकडून आव्हान येईल अशी व्यवस्था केली. त्याचे वडील वेस्ट पॉइंटलाच प्राध्यापक. त्यांच्या वजनामुळे आव्हान स्वीकारायची परवानगी मिळाली. प्रवासखर्चाचा प्रश्न आला तेव्हा २७१ कॅडेटांनी प्रत्येकी ५२ सेंट काढले आणि नेव्हीचा अर्धा खर्च उचलला. २९ नोव्हेंबर १८९० ला 'द प्लेन' या कवायतीच्या मैदानावर सामना झाला. नेव्हीने २४-० ने धुतलं. पुढच्या वर्षी अ‍ॅनापोलिसला जाऊन आर्मीने ३२-१६ ने वचपा काढला.

मिची १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात क्यूबामध्ये, सान ह्वानच्या लढाईत मारला गेला. १९२४ मध्ये बांधलेल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे.

संघाचे रंग काळा, सोनेरी आणि राखाडी. काळा कोळशाचा, सोनेरी गंधकाचा, राखाडी सोऱ्याचा. तिन्ही एकत्र केले की बंदुकीची दारू. मिची स्टेडियमवर आर्मीने गुण मिळवले की तोफ उडते आणि कॅडेट गुणांइतके जोर काढतात.

पहिल्या सामन्याला येताना नेव्हीने एक बोकड आणला होता. वेस्ट पॉइंटच्याच एका सार्जंटच्या अंगणातून वाटेत उचलला अशी दंतकथा आहे. तेव्हापासून बोकड नेव्हीचा. पुढे त्याला 'बिल' नाव पडलं. आर्मीला उत्तर शोधायला १८९९ उजाडलं. फिलाडेल्फियातल्या एका अधिकाऱ्याने बर्फाची गाडी ओढणारं खेचर रस्त्यावर हेरलं, त्याला सजवलं आणि मैदानात उभं केलं. तोफखान्याचं सामान शतकभर खेचरांनीच वाहिलेलं, त्यामुळे निवड कोणाला खटकली नाही.

बाकी प्रतिसादांतून येईलच. जाणकारांनी भर घालावी.

चकलीबहाद्दर

मस्त धागा. वाचतोय. पण १८९१ नंतर थेट १८९९? मधे काय झालं?

गोदाकाठ

मधे भांडण झालं. १८९३ चा सामना संपल्यावर एक रिअर अ‍ॅडमिरल आणि एक ब्रिगेडियर जनरल यांच्यात इतकी जुंपली की प्रकरण द्वंद्वापर्यंत गेलं असं सांगतात. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडच्या मंत्रिमंडळात हा विषय निघाला. मग दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी हुकूम काढले की आपापल्या संघांनी परगावी खेळायला जायचं नाही. दोघांनीही घरीच खेळायचं म्हटल्यावर सामना होणार कुठे? १८९४ ते १८९८ सामना बंद. १८९९ ला फिलाडेल्फियात, म्हणजे दोघांच्याही अंगणाबाहेर, पुन्हा सुरू झाला. आतापर्यंतचे बहुतेक सामने फिलाडेल्फियालाच झाले, त्याचं मूळ हे.

१८९३ च्याच सामन्यातली आणखी एक गंमत. नेव्हीच्या जोसेफ रीव्ह्ज नावाच्या खेळाडूला डॉक्टरांनी बजावलं होतं की डोक्याला आणखी एक फटका बसला तर कायमचा कामातून जाशील. त्याने अ‍ॅनापोलिसच्या चांभाराकडून जाड कापडाची टोपी शिवून घेतली आणि ती घालून खेळला. फुटबॉलमधलं हे पहिलं हेल्मेट मानतात. गडी पुढे अ‍ॅडमिरल झाला.

१९२८ आणि १९२९ लाही सामना झाला नाही. दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळून आलेल्या पोरांनाही आर्मी संघात घ्यायची आणि नेव्ही म्हणायची की मग आम्हीच कशाला नियम पाळायचे. १९३० मध्ये मंदीत सापडलेल्यांच्या मदतीसाठी यांकी स्टेडियमला सामना ठेवला, तेव्हा कुठे अबोला सुटला.

अण्णा_एडिसनकर

रानजाई, छान लिहिलंयत. आमच्या जर्सीतल्या मंडळींना न्यूयॉर्क जायंट्स माहीत असतात, दीड-दोन तासांवरचं वेस्ट पॉइंट माहीत नसतं.

मी २०२२ चा फिलाडेल्फियाचा सामना पाहिला. मुलाच्या ऑफिसात एक माजी कॅडेट आहे, त्याने तिकिटं दिली. सामना दुपारी तीनला, पण तो म्हणाला, बारालाच आत बसा, नाहीतर खरी गंमत हुकेल. मैदान रिकामं होतं. मग एका कोपऱ्यातून राखाडी लांब कोटातली एकेक तुकडी आत यायला लागली. चार हजारांवर पोरं-पोरी पावलाला पाऊल लावून आली आणि सगळं मैदान भरून उभी राहिली. तोंडातून ब्र नाही. मग टोप्या काढून एकदम आरोळी आणि धावत आपापल्या जागांवर. शिस्त मोडायची परवानगीसुद्धा शिस्तीत मिळते, हे बघून मला हसू आलं.

त्यानंतर 'कैद्यांची अदलाबदल'. दोन्ही अकादम्यांचे काही विद्यार्थी एक सत्र एकमेकांकडे शिकायला जातात. शत्रूच्या गोटात काढलेले महिने संपले म्हणून त्यांना मैदानाच्या मध्यात आणून समारंभाने आपल्या बाजूला परत देतात. ही पोरं ज्या वेगाने आपल्या बाजूकडे पळतात ते बघण्यासारखं.

खेळ म्हणाल तर सुरुवातीला कंटाळा. पळतात, पडतात, तीन यार्ड. पुन्हा पळतात, पडतात. पण बरोबरी होऊन जादा वेळ लागला, या दोघांच्या इतिहासात पहिल्यांदाच. दुसऱ्या जादा डावात नेव्हीचा गडी गोलरेषेपाशी पोचला आणि चेंडू हातातून निसटला. आर्मीच्या पोराने ३९ यार्डांवरून किक मारून २०-१७ केलं.

पण मला आठवतं ते नंतरचं. आर्मीच्या पोरांनी नाचायचं सोडून प्रतिस्पर्ध्यांबरोबर नेव्हीच्या प्रेक्षकांसमोर जाऊन उभं राहायचं आणि हरलेल्यांचं अकादमीगीत ऐकायचं. चेंडू सोडलेला तो मुलगा रडत होता, त्याच्या शेजारी आर्मीचा एक दांडगा पोरगा सावधानमध्ये उभा. मग दोन्ही संघ मैदान ओलांडून आर्मीच्या बाजूला आणि जिंकलेल्यांचं गीत. 'दुसऱ्यांदा गाणं' हेच यांचं वर्षभराचं ध्येय असतं. पहिल्यांदा गाणारा म्हणजे हरलेला.

साळुंकी

अण्णा, डोळ्यासमोर उभं केलंत. +१

चकलीबहाद्दर

एक भाबडी शंका. अण्णा म्हणतायत तीन यार्ड पळतात आणि पडतात. मी टीव्हीवर जो अमेरिकन फुटबॉल पाहिलाय त्यात लांबच लांब पास असतात. हे लोक चेंडू फेकत का नाहीत? हाताला मुंग्या येतात का?

रानजाई

शंका भाबडी नाही, मुद्द्याची आहे. खरं तर या विषयावर लिहावंसं वाटलं त्याचं कारणच हे.

नियम एवढाच लक्षात ठेवा : चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार डाउन. आता मोठ्या कॉलेजांचे पुढच्या फळीतले गडी १३५-१४० किलोंचे. वेस्ट पॉइंटला तसा पोरगा मिळणं अवघड, कारण पदवीनंतर त्याला अधिकारी व्हायचंय आणि सैन्याच्या वजनाच्या मर्यादेत बसायचंय. आर्मीचे फळीवाले शेवटच्या हंगामानंतर महिनोन्महिने वजन उतरवत असतात. पाच वर्षांची नोकरी डोक्यावर असल्यामुळे व्यावसायिक फुटबॉलची स्वप्नं बघणारा क्वार्टरबॅकही (चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा मुख्य गडी) इथे सहसा येत नाही. मग हलक्या पोरांना घेऊन जड पोरांशी खेळायचं कसं?

उत्तर : ट्रिपल ऑप्शन. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की तीन वाटा. पहिली, पाठीमागच्या दांडग्या गड्याच्या पोटात चेंडू कोंबायचा आणि त्याने मधूनच घुसायचं. दुसरी, चेंडू स्वतःकडे ठेवून कडेने पळायचं. तिसरी, पळता पळता बाजूच्या गड्याकडे टाकून द्यायचा. मेख अशी की समोरच्या सगळ्यात तगड्या बचावपटूला मुद्दाम कोणी अडवतच नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याच्यावर नजर ठेवतो. तो आत आला तर चेंडू बाहेर, तो बाहेर गेला तर चेंडू आत. कबड्डीत चढाईवाला कोपऱ्यातल्या गड्याचा पाय कुठे वळतो ते बघून डाव ठरवतो, तसंच. ज्याला ढकलता येत नाही त्याला ढकलायचंच नाही, त्याच्या निर्णयालाच चुकीचं ठरवायचं.

आणि वर चौथा डाउन. बाकीचे संघ तीन प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत की चौथ्याला चेंडू लाथाडून लांब पाठवतात. आर्मी बऱ्याचदा चौथाही खेळते. चारही वापरायचे ठरवलं की दर खेपेला अडीच यार्ड पुरतात. घड्याळ चालू राहतं, समोरचा बलाढ्य संघ बाजूला बसून बघत राहतो. २०१८ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध आर्मीने ६० मिनिटांपैकी जवळजवळ ४५ मिनिटं चेंडू आपल्याकडे ठेवला. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक होता कायलर मरी, त्या वर्षीचा हाइझमन विजेता. हाइझमन म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान. तो बिचारा बाकावर. आर्मी जादा वेळेत २८-२१ ने हरली, पण त्या दिवशी आख्ख्या अमेरिकेला घाम फुटला होता.

म्हणून मला वाटतं की या संघाच्या परंपरा नुसत्या शोभेच्या नाहीत. त्या त्यांच्या अडचणींतून आल्यात. अडचण सोडून द्यायला गेले तेव्हा तोंडावर आपटले. २००० च्या सुमाराला नव्या प्रशिक्षकाने ऑप्शन टाकून सगळ्यांसारखा पासवाला खेळ आणला. २००३ च्या हंगामात १३ सामने, १३ पराभव. एका हंगामात १३ पराभव आणि विजय शून्य, असं त्याआधी या पातळीवर कोणाचंही झालं नव्हतं.

तिरपी_टोपी

निवृत्त फौजी आहे, पुण्यात असतो. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, पण वेस्ट पॉइंटचा आणि आपल्या खडकवासल्याचा खरा धागा आहे तो नोंदवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑकिनलेक समितीने देशोदेशीच्या सैनिकी अकादम्यांचा अभ्यास केला आणि डिसेंबर १९४६ च्या अहवालात वेस्ट पॉइंटच्या धर्तीवर अकादमी काढायची शिफारस केली. त्यातून एनडीए झाली. नेहरूंनी ऑक्टोबर १९४९ मध्ये कोनशिला बसवली, जानेवारी १९५५ मध्ये उद्घाटन.

पण एक मोठा फरक केला. अमेरिकेत भूदल, नौदल, हवाईदल यांच्या अकादम्या वेगळ्या. आपल्याकडे तिन्ही दलांची पोरं एकाच स्क्वॉड्रनमध्ये, शेजारशेजारच्या खोल्यांत. त्यामुळे एनडीएत 'आर्मी विरुद्ध नेव्ही' असं काही पेटतच नाही. आमचं वैर स्क्वॉड्रनचं. क्रॉस कंट्रीत स्क्वॉड्रनसाठी फुफ्फुसं फाटेस्तोवर धावायचं, मग शेजारी पळणारा पुढे जहाजावर जाणार की विमानात, याचं कोणाला काय पडलंय! अमेरिकेत तिन्ही अकादम्यांत १९७२ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा करंडक असतो. त्यात सगळ्यात जास्त वेळा हवाईदल जिंकलंय, हे भूदलवाले फारसं बोलत नाहीत.

बाकी खेचरांबद्दल : आपल्या पहाडी ठाण्यांवर खेचराने काय वाहिलंय ते ज्याने पाहिलंय तो त्याची चेष्टा करणार नाही.

सीमोल्लंघन

धागा वाचनीय आहे. तरी जरा दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

हा सामना म्हणजे सैन्यभरतीची चार तासांची जाहिरात आहे. वरून विमानं, खाली मोठाले झेंडे, नाणेफेकीला राष्ट्राध्यक्ष. २०१६ पासून आर्मीचा संघ या सामन्यासाठी बहुतेक वर्षी सैन्याच्या एखाद्या तुकडीच्या सन्मानार्थ खास गणवेश घालतो. २०१६ ला ८२ वी एअरबोर्न, २०१७ ला १० वी माउंटन डिव्हिजन, पांढराशुभ्र पोशाख, आणि नेमका बर्फ पडला. सुंदर दिसतं, नाही कोण म्हणतंय. पण सुंदर दिसावं हाच तर हेतू.

शिवाय अब्रूच्या गप्पा. तिथे आचारसंहिता अशी की कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवून घेणार नाही. १९५१ मध्ये काय झालं? परीक्षेतल्या फसवणुकीवरून ९० च्या आसपास कॅडेट काढले. त्यात फुटबॉल संघ जवळजवळ आख्खा, खुद्द प्रशिक्षक ब्लेकचा मुलगासुद्धा. हा मजकूर मूळ लेखात नाही, तो का?

आणि २०१९ चं प्रकरण. संघ मैदानात नेत असे त्या कवटीच्या झेंड्यावर एका ब्रीदवाक्याची आद्याक्षरं होती. ते वाक्य गोऱ्या वंशवादी तुरुंगटोळीशी जोडलेलं निघालं, तेव्हा अकादमीला ती अक्षरं काढावी लागली. ९० च्या दशकापासून मिरवत होते, कोणी विचारलंच नाही.

रानजाई

सीमोल्लंघन, राग कसला? १९५१ यायलाच हवं होतं, बरं झालं तुम्ही काढलंत. त्यात एक तपशील जोडते, कारण तो फार बोलका आहे. कॅडेटांच्या दोन रेजिमेंट होत्या आणि एकच प्रश्नपत्रिका एका रेजिमेंटला आज, दुसरीला उद्या. का, तर कॅडेट सांगणारच नाहीत असा विश्वास. सरावामुळे अभ्यासाला वेळ न मिळणारे खेळाडू आदल्या दिवशीच्या मित्रांकडून प्रश्न घ्यायला लागले. त्याचं कोणी समर्थन करत नाहीये. पण 'खपवून घेणार नाही' या चौथ्या कलमामुळे, स्वतः काहीही न करता फक्त गप्प बसलेलेही गेले. त्या वर्षी आर्मीने दोन सामने जिंकले, सात हरले.

झेंड्याबद्दल अकादमीची चौकशी म्हणाली की खेळाडूंना उगम ठाऊक नव्हता. ते खरंही असेल. वीसेक वर्षं कोणालाच विचारावंसं वाटलं नाही, हा तुमचा मुद्दा त्याने खोडला जात नाही.

जाहिरातीबद्दल मात्र असहमत. जाहिरात आहे हो, पण मैदानावरच्या पोरांनी आधीच सही केलेली आहे.

गोदाकाठ

सीमोल्लंघन यांनी तोंड फोडलंच आहे तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा सामना सांगतो. तो नेव्हीशी नव्हता.

९ नोव्हेंबर १९१२, वेस्ट पॉइंट. समोर पेनसिल्व्हेनियाची कार्लाइल इंडियन स्कूल. ही शाळा १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत एका लष्करी अधिकाऱ्यानेच काढलेली. मूळ रहिवाशांच्या पोरांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, भाषा सोडायला लावायची आणि 'सुधारायचं'. त्या शाळेने फुटबॉलचा जबरदस्त संघ उभा केला. प्रशिक्षक पॉप वॉर्नर आणि मुख्य खेळाडू जिम थॉर्प, जो त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमधून दोन सुवर्णपदकं घेऊन आला होता. आर्मीकडून खेळणाऱ्यांत एक होता ड्वाइट आयझनहॉवर.

तारखा शेजारी ठेवून बघा. पहिला आर्मी-नेव्ही सामना २९ नोव्हेंबर १८९०. वुंडेड नीचं हत्याकांड, जिथे अमेरिकी घोडदळाने लकोटा जमातीच्या बायका-पोरांनाही मारलं, ते २९ डिसेंबर १८९०. बरोबर एक महिन्याने. म्हणजे १९१२ मध्ये मैदानात उतरलेल्या कार्लाइलच्या पोरांच्या आई-बापांनी हेच सैन्य बंदुकांसह पाहिलेलं होतं. कार्लाइल जिंकली २७-६ ने. थॉर्पला पाडायच्या नादात आयझनहॉवर स्वतःच जायबंदी झाला, आणि पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध गुडघा मोडून त्याचा फुटबॉल संपला. थॉर्पबद्दल तो शेवटपर्यंत आदराने बोलत असे. थॉर्पची पदकं पुढच्याच वर्षी, पूर्वी किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून काढून घेतली गेली.

१९१३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने याच मैदानावर पुढे पास फेकण्याच्या युक्तीने आर्मीला ३५-१३ ने हरवलं, तेही प्रसिद्ध आहे. पण ते सगळीकडे वाचायला मिळतं.

साळुंकी

गोदाकाठ, तारखांचं हे माहीत नव्हतं. काटा आला.

आर्मीचा सुवर्णकाळ कधीचा मग? कोणीतरी दोन खेळाडूंची जोडी होती ना?

गोदाकाठ

१९४४ ते ४६. डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस, टोपणनावं 'मिस्टर इनसाइड' आणि 'मिस्टर आउटसाइड'. पहिला मधून भिंत फोडणार, दुसरा कडेने वाऱ्यासारखा. तीन वर्षांत एकही पराभव नाही. नोत्र दामला ४४ मध्ये ५९-०, ४५ मध्ये ४८-०, आणि ४६ मध्ये यांकी स्टेडियमला ०-०. ४५ चा हाइझमन ब्लँचर्डला, ४६ चा डेव्हिसला. ४४ मध्ये नेव्हीला हरवल्यावर मॅकआर्थरने पॅसिफिकमधून तार केली की तुमचं यश साजरं करायला आम्ही युद्ध थांबवलंय.

पण इथे मी जरा हात राखून कौतुक करतो. देशभरातली धडधाकट पोरं सैन्यात गेलेली, कॉलेजांचे संघ पोकळ झालेले, आणि चांगले खेळाडू अकादम्यांकडे वळलेले. तेव्हा ५९-० मधले किती गुण ब्लेकच्या डोक्याचे आणि किती हिटलरच्या कृपेचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. १९५८ चा अपराजित संघ मला जास्त आवडतो. त्यात पीट डॉकिन्स होता, हाइझमन मिळवून मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेला. आणि बिल कार्पेंटर, जो प्रत्येक डावाआधीच्या घोळक्यात येतच नसे, लांब एकटा उभा राही. त्याला 'एकटा एंड' म्हणायचे (एंड म्हणजे फळीच्या टोकाला उभा राहून पास झेलणारा गडी). पुढचा डाव काय हे त्याला कसं कळतं याची लोकांनी हंगामभर चर्चा केली. तो क्वार्टरबॅकच्या पायांच्या हालचालीवरून ओळखायचा.

युद्धकाळातला एक मजेशीर किस्सा मात्र सांगायलाच हवा. १९४२ मध्ये प्रवासावर निर्बंध होते, त्यामुळे वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांना अ‍ॅनापोलिसला येता येईना. मग नेव्हीच्याच निम्म्या पोरांना हुकूम : आज तुम्ही आर्मीसाठी ओरडायचं. हुकूम म्हणजे हुकूम, ओरडली बिचारी.

तिरपी_टोपी

कार्पेंटरचं पुढचं ठाऊक असेल तर ठीक, नसेल तर सांगतो. १९६६, व्हिएतनाम. त्याच्या कंपनीला चहूबाजूंनी घेरलं तेव्हा त्याने आपल्याच ठाण्यावर नापाम टाकायला सांगितलं. त्याने वेढा सुटला. पुढे लेफ्टनंट जनरल झाला.

डॉन होलेडर मात्र परतला नाही. १९५४ चा नावाजलेला एंड. १९५५ ला संघाला क्वार्टरबॅक नव्हता म्हणून प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून ती जागा घेतली. हे काम त्याचं नव्हे, टीका भरपूर झाली, तरी त्याने नेव्हीला हरवून दाखवलं. १७ ऑक्टोबर १९६७ ला ओंग थान्हच्या लढाईत अमेरिकी बटालियन सापळ्यात सापडली. होलेडर तेव्हा मेजर होता. हेलिकॉप्टरमधून उतरला, जखमींकडे धावला आणि गोळी लागून पडला.

सीमोल्लंघन

काका, होलेडरबद्दल आदरच आहे. पण त्या एका दिवसात साठहून अधिक अमेरिकी पोरं मेली आणि त्यांना त्या जंगलात कोणी पाठवलं हेही गोष्टीत यावं. वेस्ट पॉइंटला क्रीडासंकुलाला होलेडरचं नाव आहे. पाठवणाऱ्याच्या चुकांना कुठलं संकुल आहे?

तिरपी_टोपी

तुमचा प्रश्न बरोबर आहे. आम्ही फौजी तो आपसात विचारतो, मैदानावर नाही.

अण्णा_एडिसनकर

वातावरण फार जड झालं, बोकडावर येऊ या का? एकमेकांचे प्राणी पळवायचे नाहीत असा दोन्ही अकादम्यांत रीतसर करार आहे, आणि तो मोडायचा हीसुद्धा परंपरा. १९९१ मध्ये नेव्हीवाल्यांनी वेस्ट पॉइंटमध्ये शिरून खेचरं पळवली. २०२१ च्या नोव्हेंबरात आर्मीच्या कॅडेटांनी रात्री मोहीम काढून अ‍ॅनापोलिसजवळच्या गोठ्यातून 'बिल' पळवला. गोंधळ असा की गडबडीत निघाला निवृत्त बिल, ३४ नंबरचा. म्हातारा, संधिवाताचा, एकच शिंग असलेला. ३७ नंबरचा तरणा बिल जागच्या जागी. भावी सेनाधिकाऱ्यांच्या हेरगिरीचा हा नमुना पेपरात छापून आला.

चकलीबहाद्दर

अण्णा 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसलो, शेजारचा बघायला लागला.

केनेडींच्या हत्येनंतर हा सामना झाला होता म्हणे?

गोदाकाठ

हो. सामना ३० नोव्हेंबर १९६३ ला ठरलेला, हत्या २२ ला. केनेडी स्वतः नौदलातले, ६१ आणि ६२ च्या सामन्यांना हजर होते. रद्दच करणार होते, पण जॅकलिन केनेडींची इच्छा होती की खेळावा. म्हणून ७ डिसेंबरला फिलाडेल्फियात खेळवला. नेव्हीचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅक, त्या वर्षीचा हाइझमन. आर्मीचा रॉली स्टिचवे. त्या सामन्यात दिग्दर्शक टोनी व्हर्नाने पहिल्यांदा टीव्हीवर लगेच पुनर्चित्रण दाखवलं. स्टिचवेने टचडाऊन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, आणि क्षणभरात तोच टचडाऊन पुन्हा दिसला. समालोचकाला घाईघाईने सांगावं लागलं की आर्मीने दुसरा केलेला नाही, हा मघाचाच आहे. आज तिसऱ्या पंचाशिवाय आपलं क्रिकेट हलत नाही, त्याची सुरुवात ही.

शेवटी आर्मी २१-१५ ने मागे, नेव्हीच्या दोन यार्डांवर पोचलेली, आणि आरडाओरड्यात स्टिचवेच्या हाका त्याच्याच गड्यांना ऐकू जाईनात. घड्याळ संपलं. आर्मीवाले हे दोन यार्ड अजून विसरलेले नाहीत.

साळुंकी

हल्ली कसा आहे संघ?

रानजाई

२००२ ते २०१५ सलग १४ वर्षं नेव्हीकडून हरले. एका पिढीतल्या कॅडेटांनी 'दुसऱ्यांदा गाणं' ऐकलंच नाही. जेफ मंकन २०१४ ला प्रशिक्षक झाला आणि २०१६ ला २१-१७ ने ती माळ तुटली. त्याच हंगामाच्या सुरुवातीला संघातला ब्रँडन जॅक्सन मोटार अपघातात गेला होता, त्यामुळे त्या विजयाला वेगळंच वजन होतं.

मधे नियम बदलले. कमरेखाली अडवण्यावर २०२२ पासून जास्त बंधनं आली आणि ऑप्शनचा मणकाच दुखावला, कारण हलक्या गड्याने जड गड्याला आणायचं तर पायातच आणावं लागतं. २०२३ मध्ये नवा साचा वापरून पाहिला, तो फारसा रुजला नाही, २०२४ ला बरंचसं जुन्या वळणावर. आणि काय वर्ष निघालं! संघ नुकताच अमेरिकन कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) सामील झालेला आणि पहिल्याच फटक्यात अंतिम सामन्यात टुलेनला ३५-१४ ने हरवून विजेतेपद. १८९० पासूनच्या इतिहासातलं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद. क्वार्टरबॅक ब्रायसन डेली स्वतःच रणगाड्यासारखा घुसायचा. मग आठच दिवसांनी नेव्हीने ३१-१३ ने लोळवलं. नेव्हीही त्याच कॉन्फरन्समध्ये आहे, पण हा सामना कॉन्फरन्सच्या हिशेबात धरतच नाहीत. २०२४ अखेर एकूण हिशेब नेव्ही ६३, आर्मी ५५, बरोबरी ७.

चकलीबहाद्दर

ठरलं, यंदा बघणार. आपल्याकडे किती वाजता लागेल? आणि बायकोला काय कारण सांगू?

रानजाई

डिसेंबरचा दुसरा शनिवार. त्या वेळेला शक्यतो मोठ्या कॉलेजांचा दुसरा सामना ठेवत नाहीत. तिकडे दुपारी तीन म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे दीड. कारण तुमचं तुम्ही शोधा. बाकी स्कोअरकडे लक्ष नका देऊ, पहिला चौथा डाउन कधी येतो ते बघा. आर्मी आपल्याच अर्ध्यात असूनही किकर मैदानात आला नाही, तर समजा रात्र जागवल्याचं सार्थक होणार.

अण्णा_एडिसनकर

आणि दोन्ही गाणी होईपर्यंत टीव्ही बंद करू नका, चकलीबहाद्दर.